बहिष्काराचा न्याय

१

माणसाला शिक्षा करण्याचे जे अनेक मार्ग समाजाने शोधून काढले आहेत, त्यांत एक मार्ग असा आहे की ज्यात कोणी कोणाला मारीत नाही आणि कोणी कोणाला कोंडीत नाही. फक्त व्यवहार थांबतो. त्या माणसाच्या घरी कोणी जेवावयास जात नाही, न्हावी त्याची हजामत करीत नाही, वाणी त्याला मीठ देत नाही, त्याच्या मुलीला मागणी येत नाही आणि घरात मर्तिक झाले तर तिरडीला खांदेकरी मिळत नाहीत. याला आपण वाळीत टाकणे म्हणतो. ज्यांनी वाळीत टाकले त्यांपैकी प्रत्येक जण शपथेवर सांगू शकतो की, मी या माणसाला बोटसुद्धा लावलेले नाही. आणि ते अक्षरशः खरे असते. या शिक्षेचे सारे सामर्थ्य आणि तिचा सारा नैतिक घोटाळा या एका वाक्यात आहे.

राष्ट्राराष्ट्रांमध्ये आज हीच शिक्षा चालते. तिला आर्थिक निर्बंध असे सौम्य नाव आहे. उत्तर कोरियाने ९ ऑक्टोबर २००६ रोजी अणुस्फोट केला आणि पाचच दिवसांत संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १७१८ क्रमांकाचा ठराव करून त्या देशाशी होणाऱ्या व्यवहारावर बंधने घातली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात इराणवर बंधने आली. २०१५ च्या जुलैत करार झाला, त्याने ती सैल झाली. २०१८ च्या मे महिन्यात अमेरिका त्या करारातून बाहेर पडली. आणि २०२५ च्या सप्टेंबरात राष्ट्रसंघाची जुनी बंधने इराणवर पुन्हा लागू झाली. हेतू सांगितला जातो तो एकच : या राज्यकर्त्यांच्या हाती अणुबॉम्ब आणि तो वाहून नेणारे क्षेपणास्त्र पडू नये. हेतू वाईट आहे असे कोण म्हणेल? हिरोशिमाची छायाचित्रे पाहिलेला मनुष्य तसे म्हणणार नाही.

प्रश्न हेतूचा नाही, न्यायाचा आहे. अपराध राज्यकर्त्यांचा असेल तर झळ कोणाला? आणि ज्याने एकही गोळी झाडली नाही, फक्त देणेघेणे बंद केले, तो होणाऱ्या परिणामाला कितपत जबाबदार? हा प्रश्न भारतीय वाचकाला परका नाही. आपल्या देशावरही ही शिक्षा बजावली गेली, आणि आपल्या देशानेही ती इतरांना दिली. दोन्ही बाजूंना उभे राहिलेल्यांनी तरी या प्रश्नाचा विचार सरळपणे करावयास हवा.

२

गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली हे काही अणुनीतीचा विचार करण्याचे ठिकाण नव्हे, असे कोणालाही वाटेल. आलापल्लीच्या सागवनातून पुढे जाणारा रस्ता, आठवड्याचा बाजार, तहसील कचेरी, आणि भोवती रानात विखुरलेली माडिया गोंडांची गावे. परंतु पुरवठा तुटणे म्हणजे काय हे जर कोणाला पुस्तकातून शिकावे लागत नसेल, तर ते या मुलखातल्या माणसाला. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की शेजारच्या भामरागडचा रस्ता पाण्याखाली जातो. लहान नाल्यांच्या पलीकडची कितीतरी गावे तर कोणाच्या गणतीतही येत नाहीत. ती कित्येक दिवस आपापल्या जागी बसून राहतात.

रानातला माणूस बहुतेक बाबतींत स्वावलंबी होता. धान थोडे पिके, कंद होते, मोह होता, बांबूचे कोंब होते, नदीत मासळी होती. एक गोष्ट मात्र रानात पिकत नव्हती, ती म्हणजे मीठ. आणि म्हणून बाहेरच्या व्यापाऱ्याच्या हाती त्याची शेंडी आली ती मिठामुळे. मापाला माप घेऊन मिठाच्या मोबदल्यात चारोळी कशी उचलली जाई, हे या भागातली जुनी माणसे सांगतात. ज्याच्या हाती दुसऱ्याच्या गरजेची वस्तू आहे त्याला तलवार काढावी लागत नाही. माल आज आला नाही, एवढेच त्याने म्हटले तरी पुरते. निर्बंधाचे सारे शास्त्र या एका गोष्टीत सामावलेले आहे. कोणत्या देशाचे मीठ कोणते हे आधी शोधावयाचे, आणि मग ते अडवावयाचे. कोणाचे मीठ खनिज तेल असते, कोणाचे समृद्ध युरेनियम, कोणाचे परकीय बँकेतून जाणारा पैसा.

या मुलखाला बहिष्काराचा आणखी एक धडा मिळाला आहे. १९८० च्या सुमारास नक्षलवादी या जंगलात आले आणि पुढली चार दशके येथील गावे दोन बंदुकांच्या मध्ये उभी राहिली. एका बाजूने बंद पुकारला जाई. पत्रके पडत, रस्त्यावर झाडे आडवी होत, एस. टी. थांबे. अडलेल्या बाळंतिणीला दवाखान्यात नेऊ नका, असे कोणत्याही पत्रकात लिहिलेले नसे. पण जीप काढावयाची कोणी? चालक म्हणे, आज नको. आणि त्याला दोष देता येत नसे. पुढे मोठ्या जगाकडे वळू तेव्हा हा जीपवाला आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

दुसऱ्या बाजूने, २००३ साली महाराष्ट्र शासनाने गावबंदीची योजना आणली. जे गाव नक्षलवाद्यांना जेवण, निवारा, माणसे देणार नाही असा ठराव करील, त्याला विकासासाठी ३ लाख रुपये द्यावयाचे. वरवर पाहता हाही एक बहिष्कारच. पण त्याची जात वेगळी आहे. रात्री बंदूक घेऊन दारात आलेल्याला भात नाकारणारे गाव काय नाकारते? हत्यारबंद माणसाला मिळणारी रसद नाकारते. आणि नाकारण्याची किंमत कोण मोजते? ते गावच मोजते, कधी आपल्या माणसाच्या प्राणाने. येथे दुर्बळाने सबळावर बहिष्कार घातलेला आहे. अर्थात ज्या ठरावामागे ३ लाखांचे आमिष आणि पोलिसांची नजर असते, तो ठराव गावाच्या मनातून किती आला, ही शंका उरतेच. तरीसुद्धा बहिष्काराचे दोन प्रकार येथे एकाच रानात, एकाच काळात समोरासमोर दिसतात. एक सर्वांचा रस्ता तोडणारा, दुसरा फक्त बंदुकीची शिदोरी तोडणारा. एक दुसऱ्याच्या जिवावर चालणारा, दुसरा स्वतःच्या जिवावर उदार झालेला. त्यांतला भेद ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

३

आता आपली स्वतःची हकीकत. तारापूरच्या अणुवीजकेंद्रासाठी भारत आणि अमेरिका यांच्यात १९६३ साली करार झाला. तीस वर्षे समृद्ध युरेनियम अमेरिकेने पुरवावयाचे, असे ठरले. १९६९ च्या ऑक्टोबरात तारापूरची वीज वाहू लागली. १८ मे १९७४ रोजी पोखरणला पहिला स्फोट झाला. कॅनडाने राजस्थानातील अणुकेंद्राच्या कामातून हात काढून घेतला. पुरवठादार राष्ट्रांनी एकत्र येऊन आपला गट बांधला. १९७८ साली अमेरिकेने नवा कायदा केला आणि दोनच वर्षांनंतर तारापूरला येणारे अमेरिकन इंधन थांबले. करार तीस वर्षांचा होता, तो मध्येच अडला. पुढे फ्रान्सकडून, नंतर चीन आणि रशियाकडून इंधन आले. आपल्या शास्त्रज्ञांनी प्लुटोनियम मिसळलेले इंधनही तयार करून वापरले. तारापूर विझले नाही.

ऐंशीच्या दशकात भारताला अमेरिकेकडून क्रे कंपनीचा महासंगणक हवा होता. ज्या यंत्रावर पावसाचा अंदाज करता येतो, त्याच यंत्रावर बॉम्बचेही गणित करता येते. म्हणून वरच्या प्रतीचे यंत्र नाकारले गेले आणि हवामानापुरते कमी ताकदीचे देण्यात आले. त्यातून १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली आणि अकोला जिल्ह्यातून आलेल्या विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ उभा राहिला. रशियाकडून अतिशीत इंधनाचे रॉकेट-इंजिन घेण्याचा करार झाला तेव्हा १९९२ च्या मे महिन्यात अमेरिकेने इस्रो आणि रशियन संस्था या दोघांवरही दोन वर्षांचे निर्बंध घातले. रशियाने तंत्र देण्याचे नाकारले, थोडी तयार इंजिने दिली. भारतीय बनावटीच्या अशा इंजिनाने उपग्रह यशस्वीपणे वर नेला तो ५ जानेवारी २०१४ रोजी. म्हणजे वीस वर्षांहून अधिक काळ गेला.

मे १९९८ मधील पोखरणच्या स्फोटांनंतर तर निर्बंधांची झोडच उठली. जागतिक बँकेची कर्जे अडली, जपानने मदत थांबवली, दोनशेहून अधिक भारतीय संस्थांची नावे अमेरिकेच्या काळ्या यादीत गेली. त्यांतले बहुतेक निर्बंध २००१ च्या सप्टेंबरात उठले. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचे नाव मात्र २०२५ च्या जानेवारीत त्या यादीतून निघाले.

ही कथा आपण अभिमानाने सांगतो, आणि त्यात गैर काही नाही. परंतु तिच्यातून दोन गोष्टी आपण सहसा वगळतो. पहिली ही की, निर्बंध ज्यासाठी होते ते त्यांनी साधले नाही. बॉम्ब झाला, अग्नी उडाले, आणि बंदीनेच त्यांना राष्ट्राभिमानाचे इंधन पुरवले. दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. ‘निर्बंध आले म्हणून आपण स्वावलंबी झालो’ हे वाक्य कोण उच्चारतो, ते पाहावे. ज्याच्या वाट्याला त्यातले आव्हान आले तो उच्चारतो. जे कर्ज अडले त्या कर्जातून कोणता रस्ता झाला असता, कोणत्या खेड्यात वीज गेली असती, याचा हिशोब कोणी मांडला नाही, कारण जे झालेच नाही त्याची नोंद राहत नाही. प्रयोगशाळेतल्या माणसाने बंदीचे सोने केले, हे खरे. पण ज्याच्या हाती सोने करण्यासारखे काहीच नव्हते त्याचे काय? झुल्फिकार अली भुट्टो १९६५ साली म्हणाले होते की, भारताने बॉम्ब केला तर आम्ही गवत खाऊन राहू, पण आमचाही बॉम्ब करू. हे ‘आम्ही’ फार फसवे आहे. गवत खाणारा मनुष्य आणि हे वाक्य बोलणारा मनुष्य एकच असल्याचे इतिहासात दिसत नाही. टंचाईच्या दिवसांत रानातले कंद उकरून खाणाऱ्याला हा भेद समजावून सांगावा लागत नाही.

आणि तरीही, आपल्यावरचे निर्बंध सौम्यच होते. त्याच १९९८ सालची एक लहानशी गोष्ट सांगण्याजोगी आहे. भारताप्रमाणे पाकिस्तानवरही निर्बंध होते, आणि पाकिस्तान हा अमेरिकन गव्हाचा मोठा गिऱ्हाईक होता. गहू विकला जाणार नाही हे दिसताच अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी ओरड केली आणि दोन महिन्यांच्या आत, जुलैत, अमेरिकेच्या काँग्रेसने शेतमालाच्या पतपुरवठ्याला निर्बंधांतून सूट देणारा कायदा केला. भुकेल्याची दया आली म्हणून ही सूट मिळाली नाही. विकणाऱ्याला झळ लागली म्हणून मिळाली. बहिष्कार घालणाऱ्याच्या स्वतःच्या अंगाला चटका बसला की त्याचा निर्धार किती टिकतो, याचे हे मोजमाप आहे.

४

याच्या उलट टोकाला इराक आहे. ६ ऑगस्ट १९९० रोजी, कुवेतवरील आक्रमणानंतर, सुरक्षा परिषदेने इराकचा जवळजवळ सर्व व्यापार बंद केला; पुढच्या वर्षीच्या ठरावाने तो बंद अण्वस्त्रे, रासायनिक अस्त्रे आणि लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे नष्ट करण्याच्या अटीशी जोडला. औषधे आणि अन्न यांना कागदावर सूट होती. पण पाणी शुद्ध करणाऱ्या क्लोरिनपासून विषारी वायूही होतो. पंपाचा सुटा भाग कशातही बसवता येतो. प्रत्येक वस्तूकडे ‘हिचा दुसरा उपयोग काय?’ या नजरेने पाहिले जाऊ लागले. आपल्याकडे १९२७ च्या वन कायद्यात, गुन्ह्यात वापरलेली हत्यारे, गाड्या, जनावरे जप्त करण्याचे कलम आहे. कुऱ्हाड ही माडिया माणसाच्या खांद्यावरची रोजची वस्तू. तीच वनरक्षकाच्या दृष्टीने गुन्ह्याचे साधन. वस्तू एकच, आणि ती काय आहे हे ठरवणारा मात्र ती वापरणारा नव्हे. दुहेरी उपयोगाच्या वस्तूंचा सारा वाद अखेर संशयाचा अधिकार कोणाकडे, या प्रश्नाशी येऊन थांबतो.

बगदादमधील राष्ट्रसंघाच्या मदतकार्याचे प्रमुख डेनिस हॅलिडे यांनी १९९८ साली राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेले हान्स फोन स्पोनेक यांनीही २००० साली तेच केले. जे अंमलबजावणीच्या अगदी जवळ होते त्यांनाच ती सोसेना.

१९९६ साली एका दूरचित्रवाणी मुलाखतीत, राष्ट्रसंघातील अमेरिकेच्या तेव्हाच्या प्रतिनिधी मॅडेलिन ऑल्ब्राइट यांना विचारण्यात आले की, इराकमध्ये पाच लाख मुले दगावली असे म्हणतात. ही किंमत योग्य आहे काय? निवड कठीण आहे, पण किंमत योग्य आहे असे आम्हांस वाटते, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. पुढे या उत्तराबद्दल त्यांनी खेद व्यक्त केला. आकड्याची गोष्ट अशी की, इराकच्या राजवटीच्या छायेत झालेल्या पाहण्यांवर तो आधारलेला होता आणि नंतरच्या पाहण्यांत टिकला नाही. सद्दामच्या राज्यकर्त्यांनी मुलांच्या मरणाचे भांडवल केले, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु नैतिक दृष्टीने आकडा खोटा ठरल्याने ते उत्तर निर्दोष होत नाही. आकडा खरा मानून ते दिले गेले होते. पाच लाख मुलांची किंमत मोजावयास एक मन तयार होते, आणि ते मन क्रूर माणसाचे नव्हते. आपण कोणाला बोटही लावलेले नाही असे मानणाऱ्या माणसाचे होते.

एवढ्यावर निर्बंध सर्वस्वी त्याज्य ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण ते प्रामाणिक होणार नाही. २००३ साली अमेरिकेने इराकवर स्वारी केली आणि नंतर सारा देश धुंडाळला, तेव्हा अणुबॉम्बची कोणतीही चालू योजना सापडली नाही. म्हणजे त्या बारा वर्षांची बंधने आणि तपासण्या यांनी आपले काम केले होते. आणि ते झाले असतानाही युद्ध झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात लिबियाने आपला अणुकार्यक्रम सोडून दिला, त्यातही दीर्घकाळच्या बहिष्काराचा वाटा होता. शिवाय, निर्बंध नको तर काय हवे, या प्रश्नाचे उत्तर जून २०२५ मध्ये जगाने पाहिले. इस्रायलने आणि पाठोपाठ अमेरिकेने इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले. बॉम्बपेक्षा बंदी बरी, हा युक्तिवाद फेकून देण्याजोगा नाही. मात्र त्याने सिद्ध एवढेच होते की बंदी ही कमी वाईट असू शकते. ती निष्पाप आहे, असे त्यावरून ठरत नाही.

इराणच्या बाबतीत आपला तो जीपवाला पुन्हा भेटतो. औषधांवर बंदी नाही, असे निर्बंध घालणारे सांगतात आणि ते खरे असते. पण पैसे पाठवावयाचे कोणत्या बँकेने? माल न्यावयाचा कोणत्या जहाजाने, आणि त्याचा विमा उतरवावयाचा कोणी? उद्या आपणच अडचणीत आलो तर, या भीतीने प्रत्येक जण म्हणतो, आज नको. पत्रकात लिहिलेले नसते ते भीती लिहिते. म्हणून, आमच्या आदेशात हे नव्हते, हा बचाव पुरेसा नाही. भीती उत्पन्न करणाऱ्याला, ती आपण नेमून दिलेल्या रेघेपाशी थांबेल, असे म्हणण्याचा हक्क नाही.

५

मग बहिष्कार न्याय्य केव्हा होतो? याचे उत्तर शोधण्यास आपल्याला दूर जाण्याचे कारण नाही. या एका शब्दावर महाराष्ट्राने जेवढा विचार केला आहे, तेवढा थोड्याच प्रदेशांनी केला असेल. टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वदेशी, राष्ट्रीय शिक्षण आणि स्वराज्य यांच्या बरोबरीने बहिष्कार होता. तो गौरवाचा शब्द होता. आणि १९२७ साली डॉ. आंबेडकरांनी पत्र काढले त्याचे नाव ‘बहिष्कृत भारत’. शब्द एकच, पण एक त्याच्या मुठीकडून धरलेला आणि दुसरा त्याच्या पात्याकडून. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेतल्यावर अस्पृश्यांचे काय झाले, गावगाड्याने त्यांचे काम आणि धान्य कसे तोडले, हे त्यांनी पाहिले होते. म्हणूनच १९४७ साली राज्यघटनेसाठी सादर केलेल्या निवेदनात सामाजिक बहिष्कार हा गुन्हा मानावा, अशी मागणी त्यांनी केली. महाराष्ट्राने तसा स्वतंत्र कायदा केला तो २०१६ चा. ३ जुलै २०१७ पासून तो अमलात आला आणि वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कोणाला बोटही लावले नाही, हा बचाव त्या कायद्यापुढे चालत नाही. गावाने एका घराला केले तर जो गुन्हा ठरतो, तेच राष्ट्रांच्या समूहाने एका देशाला केले तर धोरण कसे ठरते, हा प्रश्न म्हणूनच टाळता येत नाही.

भेद करण्याची पहिली कसोटी अशी की, नाकारले जाते ते शस्त्र की जगणे? युरेनियम समृद्ध करणारी यंत्रे नाकारणे ही एक गोष्ट. पण उत्तर कोरियाचीच कथा पाहा : २००६ च्या ठरावात शस्त्रे, अणुसामग्री आणि चैनीच्या वस्तू होत्या, म्हणजे रोख राज्यकर्त्यांवर होता. २०१७ पर्यंत कोळसा, लोखंड, मासळी आणि कापड यांची निर्यातही बंद झाली. सुरुवात राजवाड्यातल्या अत्तरापासून झाली आणि शेवट कोळ्याच्या जाळ्यापाशी आला. अणुस्फोट मात्र सहा झाले.

दुसरी कसोटी, झळ कोण सोसतो? स्वदेशीच्या चळवळीत बहिष्कार घालणारा स्वतः जाडेभरडे नेसत होता. तरी त्यातही गरिबावर ओझे पडते, हे रवींद्रनाथांनी ‘घरे बाइरे’त दाखवून दिले होते. आणि गांधीजी १९३१ साली विलायतेला गेले तेव्हा ते मुद्दाम लँकेशायरमध्ये गेले. ज्यांच्या गिरण्या खादीमुळे थंडावल्या होत्या त्या मजुरांना भेटले, त्यांचे ऐकून घेतले आणि आपली बाजू त्यांच्यासमोर मांडली. त्यांनी बहिष्कार मागे घेतला नाही. पण आपल्या कृतीने ज्याची चूल मंदावली त्याच्या तोंडाकडे पाहण्याची जबाबदारी त्यांनी टाळली नाही. न्यूयॉर्कच्या बंद खोलीत पंपाच्या सुट्या भागावर फुली मारणाऱ्या समितीतील कोणाला बसऱ्याच्या रुग्णालयात जाऊन असे उभे राहावे लागले असते, तर त्या फुल्या किती उरल्या असत्या?

तिसरी कसोटी, ज्यांना सोसावे लागणार त्यांचे म्हणणे काय? वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी व्यापार प्रथम तोडला तो भारताने, १९४६ साली. पुढे १९५९ साली आल्बर्ट लुथुली यांनी स्वतःच जगाला त्या बहिष्काराची हाक दिली. आमचे हाल वाढतील, तरीही करा, असे सोसणाऱ्यांचा नेता म्हणत होता. हा फरक मूलभूत आहे. स्वतः उपवास करणे आणि शेजाऱ्याला उपाशी ठेवणे यांत जेवढा आहे तेवढा.

चौथी, परतीचा दरवाजा. ज्ञानेश्वरांच्या आईबापांची कथा परंपरा सांगते. अपराध मानला गेला तो विठ्ठलपंतांचा. संन्यास सोडून ते संसारात परतले. प्रायश्चित्त म्हणून दोघांनी देह टाकला. तरी मुलांची वाट मोकळी झाली नाही; शुद्धिपत्रासाठी त्यांना पैठणला जावे लागले. बापाच्या कृत्यासाठी मुलांना शिक्षा, आणि प्रायश्चित्त घेतल्यानंतरही शिक्षा, हे दोन्ही दोष त्या बहिष्कारात होते, आणि म्हणूनच सात शतके उलटली तरी मराठी मनाला तो बोचतो. इराणने २०१५ चा करार पाळला, असे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आपल्या अहवालांतून वारंवार सांगत होती. तरी २०१८ साली अमेरिकेची बंधने पुन्हा लादली गेली. शुद्धिपत्र हाती देऊन पुन्हा वाळीत टाकावयाचे, तर पुढच्याने प्रायश्चित्त कशासाठी घ्यावे?

शेवटची कसोटी न्यायासनावर बसणाऱ्याची. १९६८ च्या अण्वस्त्रप्रसारबंदी कराराने १ जानेवारी १९६७ पूर्वी स्फोट केलेल्या पाच देशांना अण्वस्त्रधारी म्हणून मान्यता दिली. बाकीच्यांनी शस्त्र घ्यावयाचे नाही आणि या पाचांनी निःशस्त्रीकरणाच्या वाटाघाटी प्रामाणिकपणे करावयाच्या, असा तो सौदा होता. पहिला अर्धा भाग निर्बंधांनी वसूल केला जातो. दुसऱ्या अर्ध्या भागाची वसुली करणारा कोणी नाही, कारण सुरक्षा परिषदेत नकाराधिकार त्या पाचांकडेच आहे. गडचिरोली जिल्ह्यातच मेंढा-लेखा हे गाव आहे. तेथे ग्रामसभा सर्वांच्या सहमतीने निर्णय घेते. ज्याच्यावर बंधन पडावयाचे तो त्याच वर्तुळात बसलेला असतो. राष्ट्रांचे वर्तुळ उद्या तसे होईल, असे मानण्याइतके भाबडे कोणी नाही. परंतु ज्याच्यावर बंधन, तोही बसलेला, हे न्यायाचे किमान रूप आहे आणि ते शक्य कोटीतले आहे, एवढी साक्ष त्या गावाने दिलेली आहे.

या पाचही कसोट्यांना पूर्णपणे उतरणारा निर्बंध क्वचितच सापडेल. म्हणून काय निर्बंध कधीच घालू नयेत? तसे मी म्हणणार नाही. शस्त्राची वाट अडवणे कधी कधी कर्तव्य ठरते, आणि बंदुकीला भात नाकारणाऱ्या गावाने ते कर्तव्य आपल्या परीने केलेले आहे. पण घालणाऱ्याने एक गोष्ट मान्य करूनच ते घालावेत : यातून जे मरतील ते माझ्या हातून मेलेले असतील. युद्ध पुकारणारा निदान आपण मारीत आहोत हे जाणतो. बहिष्कार घालणाऱ्याने तेवढी जाणीव स्वीकारली, तर तो मोजून घालील, पाहून घालील, आणि वेळेवर उठवील.

आपला देश आज ज्या जागी उभा आहे तेथे हे विशेषच लागू पडते. २००८ साली अणुपुरवठादारांच्या गटाने भारताला सूट दिली. २०१६ च्या जूनमध्ये, ज्या क्षेपणास्त्र-नियंत्रण व्यवस्थेने आपले इंजिन अडवले होते तिचेच आपण सभासद झालो. काल वाळीत असलेला मनुष्य आज पंचांच्या शेजारी बसू लागला आहे. अशा माणसाची दोन प्रकारची आठवण असू शकते. आपण सोसले आणि मोठे झालो, आता इतरांनीही सोसावे, ही एक. बंद झालेला दरवाजा बाहेरून कसा दिसतो हे मला ठाऊक आहे, ही दुसरी. पंचांच्या बैठकीत पुढच्या वेळी एखाद्या देशाचे मीठ तोडण्याचा ठराव येईल तेव्हा आपण यांपैकी कोणती आठवण घेऊन बसतो, यावरून तारापूरपासून पोखरणपर्यंतच्या त्या साऱ्या वर्षांनी आपल्याला सामर्थ्याखेरीज आणखी काही शिकवले की नाही, ते ठरणार आहे.